समुद्र ओलांडला, उंबरठा राहिला

आमचं जोहे हे पेण तालुक्यातलं गणपतीचं गाव. गावभर मूर्तींचे कारखाने. परदेशात जाणारा माल गणेशचतुर्थीच्या कितीतरी महिने आधी निघतो. पेंढा, कागद, खोके, खिळे, मग गाडी, मग बंदर. सोंड तुटू नये म्हणून किती जपतात! ज्यांच्या शास्त्रात समुद्र ओलांडणं पाप होतं, विलायतेला गेलेल्याला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागत होतं, त्यांचा देव आता कंटेनरात बसून जातो. त्याला कुणी प्रायश्चित्त विचारत नाही.

हे सांगायचं कारण, समुद्रापार जाण्याच्या तयारीवरच लिहायचंय. दोनशे वर्षांपूर्वी उलट्या बाजूनं माणसं आली. अमेरिकेतून, स्कॉटलंडातून. आपल्या पोरांना शिकवायला. त्यात बायका होत्या, एकट्या बायकाही होत्या. त्यांनी काय तयारी केली, आणि कशाची तयारी करायची राहून गेली? मिशनऱ्यांबद्दल आपल्याकडं दोनच सुरात बोलतात. एक तर ते बाटवायला आले होते, नाहीतर ते देवमाणसं होते. मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा अर्धी टाकलेली, वाचायला शिकलो ते रद्दीतून आणि उसन्या पुस्तकांतून. मला या दोन्ही सुरांचा कंटाळा आलाय. म्हणून तारखा घेऊन बसलो.

अमेरिकेत 1810 साली परदेशी मिशनचं बोर्ड निघालं. कचेरी बोस्टनला. 1812 च्या फेब्रुवारीत पहिली तुकडी जहाजात बसली. त्यात हॅरिएट न्यूएल नावाची अठरा वर्षांची मुलगी होती, नुकतंच लग्न झालेली. कलकत्त्याला पोचले तर कंपनी सरकारनं सांगितलं, चालते व्हा. कंपनीला व्यापार पाहिजे होता, धर्मावरून बखेडा नको होता. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच हॅरिएटला मूल झालं आणि गेलं. 30 नोव्हेंबर 1812 ला तीही गेली, एकोणीस वर्षांची. तिच्या आठवणींचं पुस्तक निघालं आणि ते वाचून अमेरिकेतल्या किती पोरी मिशनला निघायची स्वप्नं बघायला लागल्या. तेव्हाची पहिली तयारी म्हणजे मरायची तयारी, ही थट्टा नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 11 फेब्रुवारी 1813 ला मुंबईत उतरले, त्यांनाही हाकलायचा हुकूम होता. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली म्हणून टिकले. हॅरिएटचा नवरा सॅम्युअल न्यूएल 1821 साली मुंबईत पटकीनं मेला. हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडून मुंबईला येताना वाटेत पटकीनंच मेला.

दुसरी तयारी भाषेची. ही मात्र त्यांनी मन लावून केली, हे मान्य केलं पाहिजे. मराठी शिकले, 1817 पासून मराठीतून छापायला लागले. स्कॉटलंडचा जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट 1829 साली मुंबईत आले आणि मराठी शिकायला कोकणात गेले, बाणकोट-हर्णैच्या बाजूला. बाणकोटची खाडी ओलांडली की आपला रायगड जिल्हा. म्हणजे ज्या बाईनं पुढं मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तिनं आपल्या आया-आज्या बोलायच्या त्याच किनाऱ्यावर मराठीची बाराखडी गिरवली. 1835 साली तीही मेली.

आता ज्या बाईसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडं येतो. सिंथिया फरार. जन्म 1795, न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो गाव. धंद्यानं शाळामास्तरीण. अमेरिकन मिशननं 1824 साली मुंबईत मुलींची शाळा सुरू केली होती. शाळा वाढल्या आणि बघायला बाई नाही. मिशनऱ्यांच्या बायका बाळंतपणात, आजारात, मरणात. तेव्हा मुंबईहून बोर्डाला पत्र गेलं की मुलींच्या शाळांवर देखरेख करायला एक बाई पाठवा. बोर्डानं सिंथियाला विचारलं. वय बत्तीस, लग्न नाही. त्या काळात एकट्या बाईनं जहाजात बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे गावभर कुजबुज. बोर्डाच्या यादीत 'मिशनरी' पुरुष, बायकांना 'साहाय्यक' म्हणायचे. तिनं हे सगळं गिळलं. 1827 च्या जूनमध्ये बोस्टन सोडलं आणि वर्ष सरता सरता, डिसेंबरच्या अखेरीला, मुंबईत उतरली.

पैसे कुठनं यायचे? चर्चच्या पेट्यांतून. न्यू इंग्लंडच्या बायका आठवड्याला एक सेंट बाजूला काढायच्या, त्यांच्या तशा मंडळ्याच होत्या. त्याच काळात, 1823 पासून, लॉवेलला कापडगिरण्या सुरू झाल्या आणि न्यू हॅम्पशायरच्या शेतकऱ्यांच्या पोरी तिथं कामाला लागल्या. सूत कातायचा कापूस यायचा दक्षिणेतल्या मळ्यांवरून, गुलामांनी वेचलेला. मला कुणी सांगितलेलं नाही, पण मी सुतातला माणूस आहे. त्या पेटीत पडलेल्या एखाद्या सेंटला गिरणीच्या पोरीचा घाम लागला असणार आणि त्याच्या मागं गुलामाचं रक्त. आपल्या पोरींची पाटी त्यातून आली.

गुलामाचं नाव निघालं तर इथं जरा थांबून एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या इतिहासात सिंथिया फरारला मिशननं परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित बाई म्हणायची रीत आहे. पण तिच्या पाच वर्षं आधी एक गेली होती. तिचं नाव बेट्सी स्टॉकटन. 1798 च्या सुमाराला प्रिन्स्टनला जन्मली ती गुलाम म्हणून. मालकानं लहानपणीच तिला आपल्या मुलीच्या सासरी देऊन टाकलं, भांडंकुंडं द्यावं तसं. तो जावई अ‍ॅश्बेल ग्रीन, कॉलेजचा प्रिन्सिपॉल. त्याच्या घरात काम करता करता बेट्सीनं त्याची पुस्तकं वाचली. शाळेत न जाता शिकली. पुढं मोकळी झाली, पगारावर राहिली, आणि मिशनला जायचं म्हणून अर्ज केला.

तिची तयारी बघा दोस्तहो. तिला ठाऊक होतं, काळी बाई गोऱ्या मिशनऱ्याच्या कुटुंबाबरोबर जहाजात बसली की उतरेपर्यंत मोलकरीण होणार. म्हणून निघायच्या आधी करार झाला, कागदावर. त्यात असं होतं की ती या कुटुंबात नोकर म्हणून जात नाही. घरात मदत करील, पण बाकीच्यांपेक्षा जास्त हलकं काम तिच्यावर टाकायचं नाही. कारण तसं झालं तर तिचं आयुष्य गुलामीचं होईल आणि शाळा शिकवायचं राहून जाईल. त्याच कागदात ती बरोबरीची म्हणूनही जात नाही, असंही लिहिलेलं होतं. साला, तेवढं त्यांनी सोडलं नाही! तरीपण तिनं ते कलम पदरात पाडलं. 20 नोव्हेंबर 1822 ला जहाज सुटलं, पाच महिन्यांनी हवाई बेटांवर लागलं. तिथं शिक्षण सरदारांचं, राजघराण्याचं. बेट्सीनं माउई बेटावर लाहाइनाला शाळा काढली ती रयतेसाठी, कष्टकऱ्यांच्या बायकापोरांसाठी. त्यांची भाषा शिकून. 1825 साली परत गेली आणि मरेपर्यंत काळ्या पोरांना शिकवत राहिली. ती गेली 1865 साली, ज्या वर्षी अमेरिकेतलं गुलामीवरचं युद्ध संपलं.

पहिली कोण, याचं मला काही नाही. पण ही बाई यादीतून कशी गळते ते आपल्याला नीट कळतं. तिला शिक्षिका म्हणून मोजायच्या आधी चाकरीवाली म्हणून मोजलं गेलं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केली. हार्लेम आणि कामाठीपुरा यांचं नातं 1972 च्या पँथरनं सांगितलं असं आपण म्हणतो. पण ते नातं शंभर वर्षं आधी पुण्यात लिहून ठेवलेलं आहे.

तर मुंबई. सिंथियाबाई शाळा बघायला लागली. मुली येईनात. मुलगी शिकली तर नवरा मरतो, ही समजूत. मिशनच्या शाळांतले पंतोजी बहुतेक ब्राह्मण, कारण शिकवण्याइतकं लिहितावाचता दुसरा होता कुठं? दुसरा एकच वर्ग होता, बेने इस्रायल. आपल्या पेण, रोहा, अलिबाग, रेवदंड्याकडचे शनवारतेली. घाणा चालवणारे, शनिवारी बैल न जुंपणारे ज्यू. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. अमेरिकन मिशननं मुंबईत आणि या किनाऱ्यावर त्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, त्यांच्यातलेच मास्तर नेमले. विल्सननं मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांना वाटलं, हे बायबलातलेच लोक, पटकन येतील. शनवारतेल्यांनी काय केलं? अक्षरं घेतली, हिब्रू घेतली आणि स्वतःचाच धर्म नीट वाचायला लागले. ख्रिस्ती फारसं कुणी झालं नाही. मला हे फार आवडतं. शिकवणारा एक हेतू घेऊन समुद्र ओलांडतो, आणि शिकणारं पोर त्याला हवं तेवढंच उचलतं.

मग आपली पोरं? महार, मांग, चांभारांची? इथं एक कागद आहे, तो प्रत्येकानं वाचावा. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन, ज्याच्या नावानं कॉलेज आहे, त्यानं 1823 साली शिक्षणावर टिपण लिहिलं. त्यात तो म्हणतो की मिशनऱ्यांना सर्वांत हलक्या जातीतले विद्यार्थी सर्वांत चांगले आढळतात. म्हणजे आपल्या पोरांची हुशारी तेव्हाच सरकारदरबारी नोंदलेली आहे! पण पुढं तो बजावतो, या जातींना विशेष उत्तेजन देताना सांभाळा. शिक्षणाचं मूळ आधी त्यांच्यात रुजलं तर ते त्यांच्यापुढं पसरणार नाही, वरच्या जाती त्याला शिवणार नाहीत. बाबासाहेबांनी सायमन कमिशनच्या वेळी, 1928 साली, हेच टिपण काढून सरकारच्या तोंडावर मारलं. हुशार आहेत म्हणून लिहायचं आणि त्याच दमात दार लावायचं. गोऱ्या साहेबानं समुद्र ओलांडला आणि इथल्या उंबरठ्याशी आला, तेव्हा त्यानं तो उंबरठा मोडला नाही. त्यावर दिवा लावला.

माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. तो सांगायचा, आपल्या माणसाला विणाईखात्यात घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महारानं तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार! पगार विणाईत जास्त, आपण कायम कातणीत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनवाल्यांपुढं टाकला. हे मध्येच आठवलं कारण शाळेचं तसंच आहे. यंत्र विलायतेहून आणायचं, वाफ आणायची, पण तोंड लावायच्या जागी जात तशीच ठेवायची.

सिंथियाबाई 1837 साली तब्येत ढासळून अमेरिकेला परत गेली. बाकी कुणी असती तर घरी राहिली असती. ही 1839 साली परत आली. या वेळी अहमदनगरला, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथं मिशन 1831 पासून होतं. तिनं मुलींच्या शाळा धरल्या आणि मरेपर्यंत सोडल्या नाहीत. आणि इथं आपला इतिहास तिच्या दारात येतो. पुण्याचा एक तरुण माळी आपल्या ब्राह्मण मित्राबरोबर, सदाशिव गोवंड्यांबरोबर, नगरला गेला आणि त्यानं फरारबाईच्या मुलींच्या शाळा डोळ्यांनी बघितल्या. बघून त्याला वाटलं, हे आपल्याकडं झालं पाहिजे. जोतीरावांनी हे स्वतः सांगितलेलं आहे, 1853 च्या 'ज्ञानोदया'त आहे. सावित्रीबाई नगरला फरारबाईंच्या हाताखाली शिकल्या असं पुष्कळ चरित्रांत येतं. जोतीराव बघून आले एवढं तर पक्कं. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. मग महारामांगांच्या पोरांच्या शाळा निघाल्या, त्यांच्यासाठी मंडळी उभी राहिली.

फरक कुठं पडला? फरारबाई शाळा चालवत होती तेव्हा तिला घरातून कुणी काढलं नव्हतं. तिचं घर बोस्टनपलीकडं होतं. तिच्या अंगावर शेण पडलं असतं तरी ते परक्याच्या अंगावर पडलं असतं. जोतीरावांना आणि सावित्रीबाईंना बापानं घराबाहेर काढलं. त्यांचा समुद्र गंजपेठेतल्या गल्लीएवढाच होता, पण तो ओलांडायला कुठलं जहाज नव्हतं.

आणि त्या शाळेतून निघाली मुक्ता साळवे. मांगाची पोर, चौदा वर्षांची. तिचा महारामांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त दोन हप्त्यांत छापला, 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च. 'ज्ञानोदय' अमेरिकन मिशनचा, 1842 साली नगरला निघालेला. कागद त्यांचा, छापखाना त्यांचा, बोलणं मात्र तिचं. मिशनच्या पत्रात छापून आलेल्या निबंधात ती पोर मिशनऱ्यांनी शिकवलेलं उत्तर देत नाही. ती प्रश्न विचारते. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता? शनवारतेल्यांनी केलं तेच. अक्षर घेतलं आणि आपल्या कामाला लावलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, डोकं फिरायची पाळी. त्याच सुमाराला, 1854-55 साली, बोस्टनच्या कचेरीतून बोर्डाचा सेक्रेटरी रूफस अँडरसन स्वतः मुंबई-नगरच्या दौऱ्यावर आला. त्याचं म्हणणं, मिशनचं काम धर्मोपदेश आहे, लोकांना सुधारणं नाही. शाळांवर पैसा फार चाललाय, त्यात ख्रिस्ती किती झाले? इंग्रजी शाळा बंद झाल्या. मुलांच्या शाळेचं मोल बाटलेल्यांच्या आकड्यानं केलं. इकडं मुक्ता लिहितेय आणि तिकडं हिशेबनीस वही मिटतोय. समुद्रापारच्या दयेचं हे असं असतं. ती कधी आवरायची ते समुद्रापारच ठरतं. इथल्या पोराला कुणी विचारत नाही.

1856 साली धारवाडला एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. सरकारनं नाही म्हटलं. एकासाठी बाकीचे शाळा सोडतील, असा हिशेब. एल्फिन्स्टनचा दिवा अजून जळत होता. म्हणून पुढं आपल्या कित्येक गावांत मिशनचीच शाळा हा एकच रस्ता राहिला, आणि नगर जिल्ह्यात महार लोक मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. त्यांना तांदळासाठी बाटले म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी धारवाडचा अर्ज वाचावा. पोराला आत घेणारं दार जिकडं होतं तिकडं बाप गेला. आणखी काय करायला पाहिजे होतं त्यानं?

सिंथिया फरार 25 जानेवारी 1862 ला नगरलाच वारली. तिकडं अमेरिकेत गुलामीवरून लढाई पेटलेली, तिकडचा कापूस बंद, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव. जहाजं भरभरून जात होती. चौतीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या पोरींसाठी काढली, याला मी हात जोडतो. पण तिच्या बोर्डानं तिला प्रवासाचा खर्च दिला, भाषा शिकायला वेळ दिला, बायबल दिलं. जातीचा उंबरठा लागला तर काय करायचं, याचं एकही कलम दिलं नाही. ते कलम फक्त बेट्सीच्या कागदात होतं, कारण ते तिनं अंगावर सोसलेलं होतं.

पन्नास वर्षांनी समुद्र उलट्या बाजूनं ओलांडला गेला. 1913 च्या जून महिन्यात भीमराव रामजी आंबेडकरांनी बडोदा सरकारच्या करारावर सही केली. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. जुलैत ते न्यू यॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात. कराराच्या कागदात वर्षं होती, पैसे होते. बडोद्यात राहायला खोली कोण देणार, पाणी कोण देणार, हे कलम त्यातही नव्हतं. 1917 साली ते नोकरीवर रुजू झाले. जात लपवून पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तिथनं काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना काढलं. दोन मित्र होते. पहिला हिंदू, त्यानं हात वर केले. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. पुढं बाबासाहेबांना कळलं, दोघंही मूळचे ब्राह्मण घरातले. बाप्तिस्मा घेऊन नवरा मोकळ्या मनाचा झाला होता, बायकोचं सोवळं तसंच होतं.

हॉल आणि नॉट मुंबईच्या धक्क्यावर उतरल्याला तेव्हा एकशे चार वर्षं झाली होती. मुंबईची गाडी रात्री नवाला होती. मधले पाच तास बाबासाहेब बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले.